गुरुवारची प्रार्थना आणि रिकाम्या खुर्च्या

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला सर्वधर्म प्रार्थना होते, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, उत्तर मला ठाऊक आहे. गेल्या गुरुवारी आम्ही पाच जण होतो. एक रेक्टर सर. एक मी. एक जण मेस उघडायची वाट बघत बसलेला. उरलेले दोघे फर्स्ट इयरचे, टीव्हीवर मॅच लावायला आले होते आणि सरांना बघून संकोचाने बसून राहिले.

प्रार्थना संपल्यावर सर म्हणाले, "काय करायचं रे? चालू ठेवायची की बंद करायची? मॅगझिनमध्ये लिही काहीतरी, पोरांचं मत तरी कळेल." म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. ही प्रार्थना लिहिणाऱ्या चौघांपैकी मी एक आहे. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने आम्ही ती तयार केली होती. तिच्यात कोणत्याही देवाचं नाव नाही. मूर्ती नाही, नारळ नाही, प्रसाद नाही. सत्य, करुणा, समता असे चांगले शब्द आहेत. कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत अशी एकेक ओळ तासून घेतली होती. पहिल्या गुरुवारी चाळीस जण आले होते. आणि खरं सांगतो, मागच्या सेमिस्टरला मी स्वतःच सलग तीन गुरुवार गेलो नाही. सबमिशन होतं हे कारण खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला कंटाळा आला होता.

गंमत बघा. याच हॉस्टेलमध्ये गणपतीचे दहा दिवस आरतीला उभं राहायला जागा नसते. देव मानत नाही असं छातीठोकपणे सांगणारे आमचे विद्वान मित्रही झांजा घेऊन पुढे असतात. आमच्या प्रार्थनेशी मतभेद व्हावा असं तिच्यात काहीच नव्हतं. तरी लोक येत नाहीत. असं का?

एका बसस्टॉपची गोष्ट

इंटर्नशिपसाठी मी महिनाभर मुंबईत मामाकडे गिरगावात राहत होतो. रोज ज्या बसस्टॉपवर उतरायचो त्याचं नाव 'प्रार्थना समाज'. एकदा कंडक्टरला सहज विचारलं, "हे प्रार्थना समाज म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "स्टॉप आहे." शेजारच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "एरियाचं नाव आहे, पूर्वीपासून." मामाचा जन्म गिरगावातला. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "शाळेत इतिहासाला होतं बघ. जोड्या लावा."

जोड्या लावा! मित्रांनो, ज्या चळवळीत न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, नारायण चंदावरकर होते, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे होते, ती आज बहुतेकांसाठी एक बसस्टॉप आणि दोन मार्कांचा प्रश्न होऊन बसली आहे. परत आल्यावर लायब्ररीत जे मिळालं ते वाचलं, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की ही आपल्या गुरुवारचीच गोष्ट आहे, फक्त दीडशे वर्षं जुनी.

प्रार्थना समाज 1867 साली मुंबईत स्थापन झाला. स्थापनेत पुढाकार डॉ. आत्माराम पांडुरंग यांचा. बंगालच्या ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन 1864 मध्ये मुंबईला येऊन गेले होते, त्यांच्या भाषणांचा परिणाम मोठा होता. समाजाचं म्हणणं थोडक्यात असं: देव एकच आहे, त्याची मूर्ती नसते, तो अवतार घेत नाही, आणि कुठलाही ग्रंथ चुकूच शकत नाही असं मानायचं कारण नाही. बुद्धीला पटेल तेवढं घ्यावं, बाकी सोडावं. रविवारी जमावं, उपासना करावी, प्रवचन ऐकावं. आपल्या पिढीलाही पटेल असा सुटसुटीत धर्म. पाश्चात्त्य देशांत ज्याला उदारमतवादी धर्मविचार म्हणतात, त्याची ही आपली मराठी आवृत्ती.

यातले रानडे तर आपल्या नाशिक जिल्ह्यातले. जन्म 18 जानेवारी 1842, निफाडचा. सरकारने 1878 मध्ये त्यांची बदली नाशिकला केली आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला. नाशिकहून धुळ्याला जाणारा आग्रा रोड आपल्या मालेगाववरूनच जातो. एवढा मोठा माणूस आपल्या दारावरून गेला, पण त्याचा धर्म मात्र मुंबई-पुण्याच्या बाहेर फारसा रुजला नाही.

माणसं मोठी, मग अडलं कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे भीती. प्रार्थना समाजाच्या आधी 1849 मध्ये दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने परमहंस मंडळी निघाली होती. तिच्या गुप्त बैठका व्हायच्या. जातिभेद मानत नाही हे दाखवायला सभासद परधर्मीयाच्या हातचा पाव खायचे. पण दार लावून! 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि नावं बाहेर फुटणार म्हटल्यावर मंडळीच मोडली. प्रार्थना समाजाने गुप्तता टाकली, पण घरच्यांशी आणि जातीशी उघड भांडण नको हे धोरण ठेवलं. सभासद होण्यासाठी घरची मूर्तिपूजा सोडलीच पाहिजे, जात मोडलीच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. रविवारी निराकार देव आणि सोमवारी घरचे कुळाचार, असं चालून जायचं.

याची किंमत खुद्द रानड्यांनी मोजली. 1873 मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस विधवेशीच लग्न करणार असं सुधारकांना वाटत होतं. पण वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पुढे 1890 च्या पुण्यातल्या पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण तापलं, तेव्हा त्यांनी प्रायश्चित्तही घेतलं. मी रानड्यांना नावं ठेवत नाहीये. त्याच रमाबाईंना त्यांनी शिकवलं आणि त्यांनी पुढे केवढं काम उभं केलं! उलट भांडारकरांनी लोकनिंदा सोसून आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. मुद्दा एवढाच की ज्या धर्मात यायला काहीच सोडावं लागत नाही, त्यातून जायलाही काही लागत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर घर्षण शून्य झालं. मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये आपण शिकतो की घर्षण म्हणजे ऊर्जेची नासाडी. खरं आहे. पण घर्षण नसेल तर माणसाला चालताच येत नाही, पाय घसरतो, हेही त्याच युनिटमध्ये आहे. आम्ही प्रार्थना लिहिताना सगळं घर्षण तासून काढलं आणि मग ती पुढे का सरकत नाही म्हणून डोकं धरून बसलो.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषा आणि बैठक. समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होते, रानडे-भांडारकर त्यांवर प्रवचनं करायचे. पण तेच अभंग वारकरी टाळ कुटत, उन्हात पाय पोळून घेत म्हणतो. तो अभंग त्याच्या पायातून येतो. समाजाने अभंग घेतला, वाट घेतली नाही. शिकलेल्या, बऱ्या नोकरीतल्या, बहुतेक उच्चवर्णीय मंडळींपुरतं ते राहिलं. जोतिबा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज वेगळा काढला आणि प्रार्थना समाजावर सडकून टीका केली, ती उगीच नाही.

न येणाऱ्याची चौकशी

माझा रूम पार्टनर मालेगावातल्याच विणकर कुटुंबातला. त्याचं घर मोसम नदीच्या पलीकडे, पण प्रॅक्टिकलच्या दिवसांत जायला-यायला वेळ जातो म्हणून हॉस्टेलवर राहतो. मालेगावात पॉवरलूमची सुट्टी शुक्रवारी असते हे बाहेरून आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं, कारण रोज कानात घुमणारा खडखडाट त्या दिवशी थांबतो. मी त्याला विचारलं, "शुक्रवारच्या नमाजला जे येतात ते सगळे श्रद्धेनेच येतात का रे?"

तो हसला. म्हणाला, "सगळ्यांचं मला काय माहीत? काही जण सवयीने येत असतील, काही अब्बांच्या धाकाने. पण मी दोन शुक्रवार दिसलो नाही ना, तर कोणीतरी घरी येऊन विचारतं, तब्येत बरी आहे ना?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी तीन गुरुवार गेलो नाही. कोणी विचारलं नाही. मलाही इतर छत्तीस जण कधी गळाले ते कळलं नाही. आमच्याकडे विचार होता, पण न येणाऱ्याची चौकशी करणारं कोणी नव्हतं.

माझी आजी दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी जायची. खानदेशातून हजारो माणसं मालेगाववरून, देवळ्यावरून वणीच्या गडाकडे चालत जातात, ते तुम्ही पाहिलंच असेल. तिला मी एकदा आमची प्रार्थना वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली आणि अहिराणीत विचारलं, "तुन्हा देवनं घर कोठे शे?" मी म्हटलं, सगळीकडे. ती म्हणाली, मग भेटायला जायचं कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. थर्ड इयरला असूनही नव्हतं.

जगातही हेच चाललंय का?

हो आणि नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत 2001 साली 71.7 टक्के लोकांनी धर्म ख्रिश्चन लिहिला होता. 2021 मध्ये हा आकडा 46.2 टक्क्यांवर आला आणि 37.2 टक्के लोकांनी धर्म नाही असं लिहिलं. अमेरिकेत डीन केली नावाच्या लेखकाने 1972 मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की उदारमतवादी चर्चेस ओस पडताहेत आणि कडक चर्चेस वाढताहेत, कारण जिथे माणसाकडून जास्त मागितलं जातं तिथे त्याला ते मोलाचं वाटतं. परंपरावाद्यांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. बघा, देवाला बुद्धीच्या कसाला लावलंत, आता भोगा!

पण थांबा. अमेरिकेतल्या त्याच कडक मंडळींपैकी सर्वांत मोठी म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट. त्यांची सभासदसंख्या 2006 मध्ये 1 कोटी 63 लाखांच्या आसपास होती. 2023 मध्ये ती 1 कोटी 30 लाखांच्या खाली आली. म्हणजे कडकपणा हेही रामबाण औषध नाही. जुनं तेच धरून बसलो की लोक येतातच, हे गणित तितकंसं बरोबर सुटत नाही.

आणि गर्दी म्हणजे सत्य, हेही मला मान्य नाही. आपल्याच जिल्ह्यात नाशिकच्या काळाराम मंदिराला गर्दी कधीच कमी नव्हती. तरी 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना त्याच मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला आणि पाच वर्षं लढूनही दार उघडलं नाही. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याला त्यांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. पंढरपूरच्या वाटेवर लाखो माणसं चालत होती, पण विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. गर्दी भरलेली होती आणि न्याय रिकामा होता. आजीच्या बाजूने बोलताना हे विसरून चालणार नाही. ती स्वतः विसरत नाही, तो भाग वेगळा.

आणि रिकाम्या खुर्च्यांचा हिशेबही नीट करायला हवा. प्रार्थना समाजाने मुंबईत कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या. पंढरपूरला 1875 मध्ये अनाथ बालकाश्रम सुरू झाला, तो समाजाने चालवला. विधवाविवाह, मुलींचं शिक्षण, अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा, या गोष्टी तेव्हा मूठभर लोक बोलत होते. आज कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही पंथाचा माणूस उघडपणे त्यांच्या विरुद्ध बोलू धजत नाही. म्हणजे सभागृह रिकामं झालं, पण त्यातला विचार बाहेर पडून सगळ्यांच्या घरात गेला. याला हार म्हणायचं का?

झाडू आधी, प्रवचन नंतर

तरीही एक प्रश्न उरतो. तोच विचार घेऊन काही माणसं हजारोंपर्यंत पोचली, ती कशी?

विठ्ठल रामजी शिंदे बघा. 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजमध्ये धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. 1903 मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. परत येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. एवढं शिकलेला माणूस व्यासपीठावरच रमला असता तर कोणी दोष दिला नसता. पण 18 ऑक्टोबर 1906 ला त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, आणि पुढे प्रचारकाचं काम सोडून स्वतःला त्यातच झोकून दिलं. पुण्यात त्या वस्तीत जाऊन सहकुटुंब राहिले. उदार धर्माला त्यांनी पत्ता मिळवून दिला. आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक बघा. 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण परदेशी चालीत त्यांचं मन रमलं नाही. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणली, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. श्रद्धा नवी, सूर आपला.

आणि गाडगेबाबा. त्यांचं म्हणणं काय होतं? देव दगडात नाही. नवसाला बकरं कापू नका. जात पाळू नका. पोरांना शाळेत घाला. ओळीने लिहिलं तर प्रार्थना समाजाच्या एखाद्या प्रवचनाशेजारी सहज बसेल. पण बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तन. ज्याने आपलं गटार साफ केलं तो रात्री आपल्या देवाला चार शब्द सुनावतो, तर ते ऐकून घेतले जातात. पंढरपूरला ते जायचे आणि वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधायचे. तिथली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. शाळेत न गेलेल्या या माणसाला जे जमलं ते आम्हा चौघा भावी इंजिनिअरांना का जमलं नाही, हे आता तरी कळायला हरकत नाही.

मग गुरुवारचं काय?

माझं मत स्पष्ट सांगतो. प्रार्थना बंद करू नये. पण आहे तशी चालूही ठेवू नये.

एक, देवाचं नाव घ्यायला बंदी नको. आम्ही सर्वांना सामावून घ्यायचं म्हणून सर्वांनाच गाळलं होतं. त्यापेक्षा दर गुरुवारी एकाने आपल्या घरचं काही आणावं. कोणी अभंग, कोणी नात, कोणी बुद्धवंदना, कोणी टिळकांचं भजन. ज्याचा कशावरच विश्वास नाही त्याने तो का नाही हे सांगावं. बाकीच्यांनी ऐकावं. पटलंच पाहिजे अशी अट नाही, पण हजर राहायची अट हवी.

दोन, बोलण्याआधी अर्धा तास काम. मेसमध्ये रोज किती पोळ्या उरतात ते आपण सगळे बघतो. मेसचे मामा आणि आपण मिळून त्या गरजूंपर्यंत पोचवू शकतो. चैत्रात गडाला जाणाऱ्यांसाठी रस्त्यावर पाण्याचा माठ ठेवू शकतो. रमजानमध्ये मेसची वेळ बदलून घेऊ शकतो.

तीन, जो आला नाही त्याच्या रूमवर जाऊन विचारायचं, "बरा आहेस ना?" एवढंच. लेक्चर द्यायचं नाही. गेल्या वर्षी बॅकलॉगच्या टेन्शनमध्ये आठ-आठ दिवस रूमचं दार न उघडणारे आपल्यात होते. त्यांना ना आमच्या समतेच्या ओळी उपयोगी पडल्या, ना गणपतीची आरती. कोणीतरी दार वाजवायला हवं होतं.

शेवटी घरचं सांगतो. या चैत्रात आजीचे गुडघे चालणार नाहीत. तिने मला विचारलं, माझ्याऐवजी तू जाशील का? मी म्हटलं, आजी, माझा त्यावर विश्वास नाही गं. ती म्हणाली, विश्वासाचं मी बघते भाऊ, तू फक्त चाल.

मी हो म्हटलं आहे. देवी दिसेल अशी माझी अपेक्षा नाही. पण वाटेत कोणाचा पाय मुरगळला तर थांबणारी माणसं भेटतील, याची खात्री आहे. परत आल्यावरच्या गुरुवारी साडेसातला कॉमन रूममध्ये मी असेन. तुम्ही नसलात, तर साडेआठला तुमच्या रूमचं दार वाजेल. कडी काढा म्हणजे झालं.